तारेखालची जमीन

कच्छच्या मोठ्या रणाच्या काठावर, खावडा गावाच्या पलीकडे, ७२६ चौरस किलोमीटर खारवट पडीक जमिनीवर सौर आणि पवन ऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प उभा राहतो आहे. १५ डिसेंबर २०२० रोजी त्याची पायाभरणी झाली. पूर्ण झाल्यावर त्याची क्षमता ३० हजार मेगावॅट असेल. तिथे ऊन आणि वारा मुबलक आहे, माणूस मात्र विरळ. त्यामुळे तयार होणारी जवळजवळ सगळी वीज दूर न्यावी लागते. ती खपते अहमदाबादेत, भरूच-अंकलेश्वरच्या कारखान्यांत, सुरतेच्या मागांवर, वापीत आणि पुढे मुंबईत. खावड्यापासून सुरत सरळ रेषेत चारशेहून अधिक किलोमीटर आहे, पण ती रेषा खंभातच्या आखातातून जाते. म्हणून तारांना आखाताच्या टोकाला वळसा घालून भरूचमार्गे खाली यावं लागतं.

खरा पेच इथे सुरू होतो. नर्मदा ओलांडली की पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगर यांच्यामध्ये दक्षिण गुजरातची काळी, सपाट, पाटपाण्याची जमीन अरुंद पट्ट्यात उरते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग याच पट्ट्यातून जातो आणि जुना महामार्गही. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन आणि हझिऱ्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या गॅसच्या वाहिन्या, सगळ्यांनी इथेच गर्दी केली आहे. आता त्यात ७६५ किलोव्होल्टच्या विजेच्या वाहिन्यांची भर पडते आहे. केंद्रीय पारेषण आराखड्यात सुरत जिल्ह्यात ‘दक्षिण ओलपाड’ आणि शेजारी ‘नवसारी (नवीन)’ अशी ७६५/४०० किलोव्होल्टची उपकेंद्रं आहेत, आणि नवसारीहून एक वाहिनी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याकडे आखलेली आहे. म्हणजे कल्याण-डोंबिवलीतल्या पंख्याचा आणि ओलपाडच्या उसाच्या फडाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

गेल्या काही वर्षांत सुरत, भरूच आणि नवसारी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी या वाहिन्यांना जोरदार विरोध केला. कलेक्टर कचेरीवर मोर्चे गेले, निवेदनं दिली गेली, मोजणीला आलेल्या माणसांना बांधावरून परत पाठवलं गेलं. मागण्या ढोबळमानाने तीन: वाहिनी सरकारी जमिनीतून किंवा रस्त्याच्या कडेने न्या, मोबदला बाजारभावाने द्या, आणि आम्हाला विचारल्याशिवाय शेतात पाय ठेवू नका. याला ‘विकासाला विरोध’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण या मागण्यांमध्ये विजेला विरोध कुठेच नाही. विरोध आहे तो वाहिनी कुठून जाणार हे ठरवण्याच्या पद्धतीला. ती पद्धत नीट समजून घेतली तर शेतकऱ्याचा राग समजतो आणि तो रास्त आहे असं माझं मत आहे.

आधी शेतात नेमकं काय होतं ते पाहू.

विजेचा दाब जितका जास्त तितका तारेखालचा मोकळा ठेवायचा पट्टा रुंद. २२० किलोव्होल्टला ३५ मीटर, ४०० किलोव्होल्टला ४६ मीटर आणि ७६५ किलोव्होल्टच्या दुहेरी वाहिनीला ६७ मीटर. एक किलोमीटर लांबीला ६७ मीटर रुंदी लावली तर ६.७ हेक्टर, म्हणजे साडेसोळा एकर जमीन तारेखाली जाते. टॉवर साधारण चारशे मीटरवर एक. त्याच्या चार पायांमधली जागा तर गेलीच. ट्रॅक्टर तिथे वळत नाही, पाणी नीट फिरत नाही, तण माजतं. पण टॉवर ही त्यातली लहान गोष्ट. एखाद्या खातेदाराच्या शेतात टॉवर नसतो, फक्त तारा वरून जातात, आणि तरीही त्याची अर्धी जमीन पट्ट्यात सापडते.

पट्ट्यात शेती करता येते असं सरकार सांगतं, आणि ते खरंही आहे. भात करा, भाजी करा, कोणी अडवत नाही. पण दक्षिण गुजरातेत शेती म्हणजे मुख्यतः ऊस, आणि नवसारी-वलसाडकडे आंबा आणि चिकू. पट्ट्यातली उंच झाडं तोडावी लागतात, आणि पंचवीस-तीस वर्षांची आंब्याची कलमं पुन्हा लावून उपयोग नसतो. उसाची अडचण वेगळी आहे. या भागात बरेचदा उभा फड आधी पेटवतात आणि पाचट जळून गेल्यावर तोडतात. डांग, नंदुरबार, धुळ्याकडून आलेल्या कोयत्यांना त्यामुळे तोड लवकर उरकते. आता वर ७६५ किलोव्होल्टच्या तारा आहेत अशी कल्पना करा. फड पेटला की ज्वाळांबरोबर तापलेली हवा आणि काजळीचे कण वर जातात. गरम हवा पातळ असते आणि तिची विजेला अडवण्याची ताकद कमी होते. तार आणि जमीन यांच्यामध्ये, किंवा दोन तारांमध्ये, ठिणगीचा लोळ उठतो आणि वाहिनी बंद पडते. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेतल्या उसाच्या मुलखात वीज कंपन्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. म्हणजे तारेखाली ऊस लावता येईल, पण तोडण्याची नेहमीची रीत सोडावी लागेल. मोबदल्याच्या कागदावर या गोष्टीला रकाना नसतो.

आणखी एक गोष्ट शेतकरी हटकून सांगतात: तारेखाली ट्रॅक्टरला किंवा लोखंडी तारेच्या कुंपणाला हात लागला की मुंग्या येतात, कधी चांगला चटका बसतो. हा मनाचा खेळ नाही. वरच्या तारेभोवतीच्या विद्युत क्षेत्रामुळे खालच्या, जमिनीपासून अलग असलेल्या धातूच्या वस्तूवर विद्युतभार साठतो. ट्रॅक्टर रबरी चाकांवर उभा असतो, त्यामुळे त्याच्यावरचा भार जमिनीत उतरत नाही. जमिनीवर उभ्या माणसाने हात लावला की तो त्याच्या अंगातून उतरतो. आपल्याकडे ७६५ किलोव्होल्टच्या तारा जमिनीपासून साधारण १८ मीटर उंच ठेवतात, ते हा प्रवाह धोक्याच्या पातळीखाली राहावा म्हणून. उपायही साधा आहे: ट्रॅक्टरला जमिनीवर घासणारी साखळी लावायची, कुंपण ठरावीक अंतरावर जमिनीशी जोडायचं. पण ही माहिती शेतकऱ्याच्या भाषेत, टॉवर उभा राहण्याआधी, त्याच्या बांधावर जाऊन द्यायला हवी. ती दिली जात नाही म्हणून चटक्याची भीती मोठी होते.

पट्ट्यात घर बांधता येत नाही, गोठ्यावर मजला चढवता येत नाही, बोअर मारणारं यंत्र उभं करता येत नाही. सुरतेसारख्या वाढत्या शहराच्या आसपास तर याहून मोठा घाव बसतो. शहर दरवर्षी बाहेर सरकतं आहे, नगररचनेच्या योजना गावांपर्यंत पोचल्या आहेत. शेतजमीन बिनशेती झाली की तिची किंमत कित्येक पट होते, आणि दोन पिढ्यांनी त्याच भरवशावर मुलांची शिक्षणं आणि लग्नं आखलेली असतात. मधून ६७ मीटरचा पट्टा गेला की तो भरवसा संपतो. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. गुजरातेतही त्या उताऱ्याला सातबाराच म्हणतात.

नाव त्याचंच राहतं आणि तरी जमीन हातची जाते, याला कारण एक जुना कायदा आहे.

१८८५ सालचा भारतीय तार कायदा. ब्रिटिशांना देशभर तारायंत्राचं जाळं विणायचं होतं. प्रत्येक खांबाला जमीन संपादन करत बसायचं नव्हतं. म्हणून कलम १० मध्ये त्यांनी तार खात्याला अधिकार दिला: कोणाच्याही जमिनीवर, जमिनीखालून किंवा वरून तार टाका, मालकी मिळणार नाही, फक्त वापराचा हक्क मिळेल, नुकसान होता होईल तो कमी करा आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्या. मालकाने अडवलं तर कलम १६ खाली जिल्हा दंडाधिकारी काम करू देण्याचा हुकूम देऊ शकतो. भरपाई पुरेशी नाही असं वाटलं तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. संमती हा शब्द या साखळीत कुठेच येत नाही. तारेच्या एका लाकडी खांबासाठी ही तरतूद चालून जाण्यासारखी होती. खांबाखाली दोन फूट जमीन जायची आणि बाजूने नांगर फिरायचा.

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ ने सरकारला मुभा दिली की तार खात्याचे हेच अधिकार वीजवाहिनी टाकणाऱ्या कंपनीलाही देता येतील. म्हणजे लाकडी खांबासाठी केलेली तरतूद ७६५ किलोव्होल्टच्या टॉवरला लागू झाली. ज्या कामाला हे अधिकार दिलेले नसतात तिथे २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची परवानगी घ्यावी लागते. अधिकार दिले की ती अट गळून पडते. छत्तीसगढमध्ये चुनखडीच्या खाणीवरून वाहिनी गेली म्हणून सेंच्युरी टेक्स्टाइल्स ही बडी कंपनी पॉवर ग्रिड या सरकारी पारेषण कंपनीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, या अधिकारांखाली काम चालू असेल तर मालकाची संमती लागत नाही. बड्या कंपनीला हे उत्तर मिळालं. मग चार एकरवाल्याची काय कथा!

या कायद्याचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला आणि १८८५ चा कायदा रद्द करण्याचं ठरलं. पण रद्द करताना एक तुकडा मुद्दाम जिवंत ठेवला गेला: तिसरा भाग, म्हणजे हीच कलमं, वीज कायद्याच्या कलम १६४ खालच्या वाहिन्यांसाठी पुढेही चालू राहतील. तार गेली आणि तारेचा अधिकार उरला. संसदेला त्या वेळी या कलमांचा नव्याने विचार करता आला असता. ती संधी गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्याला खूप काही दिलं होतं: खाजगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधितांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, वाढीव मोबदला. पण त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात तेरा कायदे वगळले होते आणि त्यांत २००३ चा वीज कायदा आहे. पुढे मोबदल्याच्या तरतुदी त्या तेरांनाही लावल्या गेल्या. तरी वाहिनीखालच्या जमिनीला त्याचा उपयोग नाही, कारण तिथे संपादनच होत नाही. आता सुरत जिल्ह्यातला एखादा बांध डोळ्यांपुढे आणा. एका भावाची जमीन द्रुतगती महामार्गात गेली, त्याला भूसंपादनाच्या हिशेबाने चेक मिळाला. दुसऱ्याच्या शेतावरून वाहिनी गेली, त्याला पिकाचं नुकसान आणि जमिनीच्या किमतीचे काही टक्के. राग इथे जन्मतो, आणि तो शेजारच्या चेककडे बघून रोज ताजा होतो.

किती टक्के? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये हे आकडे २०० आणि ३० टक्के झाले. मार्च २०२५ मध्ये पुरवणी आली: शहरी भागात पट्ट्याचा टक्का आणखी वाढवला आणि बाजारभाव ठरवण्यासाठी मूल्यमापक नेमण्याची पद्धत घालून दिली. दहा वर्षांतली ही चढण आपोआप झालेली नाही. देशभरातल्या बांधांवर जे लोक अडून बसले त्यांचा तिच्यात वाटा आहे. पण या सूचना आहेत. राज्य सरकार स्वीकारील तेव्हा आणि स्वीकारील तशा त्या लागू होतात.

टक्क्यापेक्षा मोठा प्रश्न असतो कशाचे टक्के. गुजरातेत जमिनीचा सरकारी दर म्हणजे जंत्री. आपल्याकडच्या रेडीरेकनरचा भाऊ. २०११ नंतर ही जंत्री बारा वर्षं तशीच होती, एप्रिल २०२३ मध्ये सरसकट दुप्पट केली. सुरतेभोवतीच्या जमिनींचे खरे भाव त्या बारा वर्षांत कुठल्या कुठे गेले होते. समजा एकराला बाजारात एक कोटी मिळतात आणि जंत्री दहा लाख आहे. तर तारेखालच्या एकराचे जंत्रीच्या जुन्या १५ टक्क्यांनी होतात दीड लाख. शेतकऱ्याच्या डोक्यात हिशेब असतो एक कोटीचा.

जमिनीची किंमत सरकारने कशी ठरवावी यावरून याच जिल्ह्यात एक मोठा लढा झालेला आहे. १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह आपल्याला वल्लभभाईंमुळे आठवतो. पण त्याच्या मुळाशी काय होतं? सारा वाढवण्यासाठी जयकर नावाच्या अधिकाऱ्याने ३० टक्के वाढ सुचवली, सरकारने २२ टक्के मंजूर केली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की वाढीला आधार म्हणून घेतलेले खंडाचे आकडे गावोगाव फिरून तपासलेलेच नाहीत. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली, आणि त्यांनाही ते आकडे भरवशाचे वाटले नाहीत. वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. तेव्हा सरकारने जमिनीची किंमत जास्त धरली होती, आता कमी धरली जाते. दोन्ही वेळा आकडा ठरला तो बांधावर न जाता. बारडोलीच्या शेजारच्या तालुक्यांत हे कोणाला शिकवावं लागत नाही.

कंपनीच्या बाजूनेही पाहायला हवं. आंतरराज्य वाहिन्यांची कामं आता बहुतेक स्पर्धात्मक निविदेने दिली जातात. जी कंपनी वर्षाला कमीत कमी शुल्क मागेल तिला काम, आणि पुढची ३५ वर्षं तेच शुल्क. निविदा भरताना मार्गाची ढोबळ पाहणी झालेली असते. कोणाच्या गटात टॉवर येईल हे नंतर ठरतं. म्हणजे शेतकऱ्याला काय द्यावं लागेल याचा अंदाज निविदेत आधीच कोंबलेला असतो. नंतर शेतकऱ्याशी बोलताना कंपनीच्या माणसाचे हात बांधलेले असतात. त्यात घाई. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, वाहिनीला त्याहून जास्त वेळ लागतो. जे सौर आणि पवन प्रकल्प ३० जून २०२५ पर्यंत सुरू होतील त्यांना आंतरराज्य पारेषण शुल्क पूर्ण माफ, अशी सवलत होती. त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने कमी होणार होती. त्या तारखेपाठी सगळे धावत होते. धावणाऱ्या माणसाला गावसभेत दोन तास बसायला सवड नसते.

सरकारी पद्धतीत गावाला कळवण्याची एक पायरी आहे. वर्तमानपत्रात सूचना छापून येते, तीत वाहिनी ज्या गावांवरून जाईल त्यांची नावं असतात आणि हरकतींसाठी साधारण दोन महिने मिळतात. पण गावाचं नाव वाचून कोणता गट, कोणतं शेत हे कळत नाही. त्यामुळे मुदतीत हरकत घेणारे थोडे, आणि मोजणीचे दगड दिसल्यावर जागे होणारे सगळे. तोवर निविदा निघालेली असते, टॉवरचं लोखंड येऊन पडलेलं असतं, आणि उरतो तो कलम १६ चा हुकूम आणि पोलीस बंदोबस्त. गट क्रमांकांसह नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, निविदेच्या आधी: माझ्या मते एवढ्या एका सुधारणेने निम्मे तंटे टळतील.

आता शहराकडे येऊ. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. कित्येकांच्या घरचं पोट मागांवर चालतं, आणि माग विजेवर. शहराला वीज अखंड हवी आणि त्यासाठी उपकेंद्रं वस्तीजवळच लागतात, हे नाकारता येत नाही. जितकं लांब तितका दाब पडतो आणि वीज वाया जाते. तरीही आपल्या इमारतीसमोर उपकेंद्र येणार म्हटल्यावर रहिवासी घाबरतात. या भीतीचे तीन भाग करावेत, कारण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आवाज. ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीय बलामुळे सेकंदाला शंभर वेळा किंचित आकसतो-पसरतो, आणि त्यातून एकसुरी घुमघुम येते. दिवसा ती रहदारीत विरते, रात्री ऐकू येते. भिंती घालून, अंतर ठेवून ती आटोक्यात आणता येते, आणि रहिवाशांनी ते मागून घ्यावं. आग. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो लिटर तेल असतं. आगीच्या घटना क्वचित होतात पण होतात. म्हणून दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये आगरोधक भिंत, खाली तेल साठवणारा खड्डा आणि अग्निशमनाची सोय हवी. तीही मागून घ्यावी. तिसरा भाग आरोग्याचा.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वर्थायमर आणि लीपर या दोघांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांजवळच्या विजेच्या तारा तपासल्या आणि काही संबंध असावा असं म्हटलं. तेव्हापासून जगभर अभ्यास झाले. २००० मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की घरातलं चुंबकीय क्षेत्र सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त असलेल्या मोजक्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. अशी घरं फार थोडी, आजारही दुर्मीळ, आणि क्षेत्रामुळेच तो होतो असं प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये अशा क्षेत्रांना ‘कदाचित कर्ककारक’ या गटात ठेवलं. आंतरराष्ट्रीय मर्यादा सामान्य नागरिकांसाठी २०० मायक्रोटेस्ला आहे, पण ती तात्काळ होणाऱ्या परिणामांसाठी आहे. मोठ्या वाहिनीच्या बरोबर खाली क्षेत्र काही मायक्रोटेस्लापासून दहा-वीसपर्यंत जाऊ शकतं, आणि अंतर वाढेल तसं झपाट्याने उतरतं. म्हणून ‘कॅन्सर होतो’ हे मोर्चातलं वाक्य पुराव्यापलीकडचं आहे, आणि ‘काहीच होत नाही’ हे अधिकाऱ्याचं वाक्यही. शाळा आणि घरं वाहिनीपासून शक्य तितकी दूर ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि वाहिनी आखतानाच तो फुकट मिळतो. वाहिनी उभी राहिल्यावर तोच महाग पडतो.

मग प्रत्येक सभेत येणारा प्रश्न: तारा जमिनीखालून का नेत नाही? खर्च हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. आपली नेहमीची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांनी दिशा बदलते. जमिनीखालच्या केबलमध्ये तार आणि तिचं बाहेरचं वेष्टण अगदी जवळ असतात, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात केबल स्वतःच विजेने भरते आणि रिकामी होते. दाब आणि लांबी वाढली की या भरण्या-ओतण्यातच केबलची सगळी ताकद संपते; पलीकडे पोचवायला काही उरत नाही. म्हणून ७६५ किलोव्होल्टची लांब वाहिनी जमिनीत घालता येत नाही. कच्छ आणि राजस्थानातल्या माळढोक पक्ष्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीत घालायला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, त्याचं एक मोठं कारण याच तांत्रिक अडचणी.

पण डीसी विजेला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, ही अडचण नाही. जर्मनीत उत्तरेच्या वाऱ्याची वीज दक्षिणेला नेणाऱ्या ‘झ्यूडलिंक’ वाहिनीला बव्हेरियातल्या गावांनी इतका विरोध केला की २०१५ मध्ये सरकारने कायदाच केला: अशा डीसी वाहिन्या आधी जमिनीखालून न्यायच्या. सुमारे सातशे किलोमीटरची ती वाहिनी त्यामुळे कित्येक वर्षं लांबली आणि महागली. इथे दुसरी बाजूही मान्य करायला हवी: विरोधाची किंमत वीज बिलात येते, आणि बिल भरणाऱ्यांत मागावर काम करणारा माणूसही असतो.

आपल्या देशातही डीसी वाहिन्या जमिनीखालून नेल्या आहेत. तमिळनाडूतल्या पुगलूरहून केरळातल्या त्रिशूरला जाणारी ३२० किलोव्होल्टची डीसी वाहिनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली. केरळात घरं आणि माड इतके दाट की टॉवरला जागा नाही. म्हणून तिचा शेवटचा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा केबलने जमिनीखालून नेला. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेल्यावर ज्या कामाला जोर आला ती कुडूस ते आरे ही डीसी वाहिनीही अशीच: ८० किलोमीटरपैकी ५० जमिनीखालून.

आणि मार्ग बदलण्याचं उदाहरण गोव्यात आहे. तामनार प्रकल्पाच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी मोलेच्या जंगलातून नवा पट्टा काढायचा होता, सांगोडला उपकेंद्रासाठी दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. लोक रस्त्यावर आले, गोवा फाउंडेशन न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात म्हटलं, नवं जंगल फाडू नका, आधीच्या वाहिनीचाच पट्टा वापरा. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने ती दिशा मान्य केली. जुन्या पट्ट्यातून जास्त वीज नेता येते हे आराखडा करणाऱ्यांना आधी ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना कोणी ते विचारलं नव्हतं.

खावड्याहून दक्षिण ओलपाडपर्यंत केंद्रीय आराखड्यात जी एक जोडणी आहे, ती २,५०० मेगावॅटची, ५०० किलोव्होल्टची आणि डीसी आहे, त्रिशूरच्याच जातीची. तिचा ओलपाडकडचा शेवटचा टप्पा, जिथे शहर आणि ऊस एकमेकांना भिडतात, महामार्गाच्या किंवा कालव्याच्या कडेने जमिनीखालून नेला तर किती जादा खर्च येईल, आणि त्यातून किती एकर जमीन आणि किती वर्षांचे तंटे वाचतील, याचा हिशेब मांडणं अवघड नाही. हा हिशेब सुरतेच्या शेतकऱ्यांनी लेखी मागावा, आणि पडघ्याच्या बाजूला आपणही.